धानोरा प्र. अडावद

चोपडा तालुक्यात धानोरा नावाचं गाव आहे. बोलताना सगळे नुसतं धानोरा म्हणतात. सरकारी यादीत मात्र ते 'धानोरा प्र. अडावद' असतं. हे 'प्र.' म्हणजे प्रगणे. परगणे मोडून तालुके झाले, तालुक्यांच्या हद्दी सरकल्या, खानदेशाचे दोन जिल्हे झाले, दोनाचे तीन झाले, पण एका टिंबासकट तो परगणा गावाच्या नावाला चिकटून राहिला. कारण साधं आहे. धानोरे बरेच होते आणि कारकुनाला त्यातलं नेमकं कोणतं हे ओळखायचं होतं. जुन्या खानदेशाचा नकाशा संगणकावर मांडायला बसणाऱ्यापुढे आजही हाच प्रश्न असतो, आणि त्यावर त्या कारकुनाने काढलेल्या तोडग्याहून चांगला तोडगा अजून निघालेला नाही.

इतिहासाच्या अभ्यासात नकाशांची सॉफ्टवेअरं आली की सगळ्यांचं लक्ष नकाशाकडे जातं. त्यातलं क्यूजीआयएस फुकट आहे, आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालतं, आणि दोन दिवसांत रंगीत ठिपके पडायला लागतात. खरं काम त्या आधीच्या यादीचं असतं, आणि ते दोन महिन्यांतही संपत नाही. यादी कच्ची असली की नकाशा सुंदर दिसतो आणि चूक असतो. सुंदर दिसतो म्हणून ती चूक कुणी तपासतही नाही.

यादीतल्या प्रत्येक ओळीला निदान एवढे रकाने हवेत: कागदात जसं लिहिलंय तसं नाव, अगदी चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट, आजचं नाव, आजचा जनगणना क्रमांक, परगणा किंवा तालुका, कोणत्या दफ्तरातला कोणता कागद, केव्हापासून, केव्हापर्यंत, आणि शेवटी खात्रीचा रकाना. खात्रीला तीन पायऱ्या पुरतात. १ म्हणजे गाव नक्की तेच. २ म्हणजे परगणा आणि शेजारची गावं जुळतात, पण पुरावा अर्धवट आहे. ३ म्हणजे नुसतं नाव सारखं आहे. मूळ नावाच्या रकान्यात 'दुरुस्ती' करण्याचा मोह होतो. तो आवरायचा, कारण सहा महिन्यांनी दुसरा कागद सापडतो आणि मग पहिल्यात नक्की काय लिहिलं होतं ते कळायला मार्ग उरत नाही.

यादी एक्सेलमध्ये भरायला घेतली की पहिला घोळ सर्व्हे नंबरांत होतो. १२/३ लिहून एंटर मारलं की त्याची १२ मार्च होते. सातबारा हा शब्द आकड्यात लिहिला तर त्याचीही तारीखच होईल! म्हणून आकडे भरण्याआधी तो सगळा रकाना 'टेक्स्ट' करून घ्यायचा. भरल्यानंतर केला तर उपयोग नाही, कारण तोवर आतला मजकूर बदललेला असतो. दुसरी गोष्ट उलटी. एक्सेल १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखतच नाही, त्यामुळे पेशवाईतले कागद कालक्रमाने लावायला जावं तर ते मजकूर म्हणून लागतात. वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने ठेवले की हा प्रश्न मिटतो.

नकाशाची फाइल शेपफाइल या जुन्या प्रकारात साठवायची नाही. सवय म्हणून अजून सगळे तेच करतात. तिच्यात रकान्याच्या शीर्षकाला दहा बाइटांची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. ग, काना आणि व मिळून नऊ बाइट झाले. म्हणजे 'गावाचे नाव' हे शीर्षक 'गाव'वरच तुटतं, आणि 'गावाचे नाव' व 'गावाचा परगणा' हे दोन्ही रकाने एकाच नावाचे होऊ पाहतात. त्यात अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली ते सांगणारी, सोबतची छोटी सीपीजी फाइल हरवली तर सगळा खानदेश निरर्थक चिन्हांनी भरून येतो. जिओपॅकेज या नव्या प्रकारात यातलं काही होत नाही, शिवाय सगळे थर, म्हणजे नकाशावर एकावर एक ठेवायचे माहितीचे संच, एकाच फाइलीत राहतात.

मग नावं जुळवायची. यासाठी याद्या साफ करणारं ओपनरिफाइन चांगलं, पण डोळे उघडे ठेवून. त्यातल्या उच्चारावर चालणाऱ्या पद्धती युरोपीय भाषांसाठी बेतलेल्या आहेत. मराठीला त्यातल्या त्यात कामाची म्हणजे दोन नावांत किती अक्षरांचा फरक आहे ते मोजणारी पद्धत. पण तिच्या हिशेबाने 'पिंप्री बु.' आणि 'पिंप्री खु.' यांत एका अक्षराचा फरक, म्हणून ती दोन्ही एकत्र करायला सुचवते. बुद्रुक आणि खुर्द ही दोन गावं आहेत, त्यांच्या शिवारांचे आकडे वेगळे आहेत. एका क्लिकने ती एक होतात आणि पुढे परगण्याची बेरीज जुळत नाही तेव्हा माणूस कागदाला दोष देतो. म्हणून बु., खु. आणि प्र. हे सुरुवातीलाच वेगळ्या रकान्यात काढून ठेवायचे आणि जुळणी उरलेल्या नावावर लावायची. आणखी एक, 'वऱ्हाड'मधला ऱ्ह डोळ्यांना एकसारखा दिसतो, पण कळफलकाप्रमाणे आत तो वेगवेगळ्या चिन्हांनी लिहिलेला असू शकतो. दोन याद्या जोडताना नेमकी तीच गावं गळतात. सगळ्या फाइलीत हे अक्षर एकाच पद्धतीचं करून घ्यायला शोधा-बदला पुरतं.

अहिराणी कानात असलेल्या माणसाला इथे आपोआप पुढची पायरी दिसते. बोलीत ळचा य होतो: जळगावचं जयगाव, धुळ्याचं धुये, पिंपळनेरचं पिंपयनेर. ज्याने गावात विचारून नाव टिपलं त्याने 'पिंपय' लिहिलं, ज्याने कचेरीत बसून लिहिलं त्याने 'पिंपळ'. इंग्रजी नकाशेवाल्याने ऐकून आपल्या परीने आणखी तिसरंच केलं. ळ, ल आणि य यांना जुळणीपुरतं एक मानणारा छोटा नियम लिहिला, तर अनाथ वाटणारी कितीतरी नावं घरी येतात. अर्थात त्या सगळ्यांना खात्री ३. शेजार जुळल्याशिवाय २ नाही.

तारखांचं थोडक्यात. मराठी कागदांत सुहूर सन, म्हणजे मृगाला सुरू होणारं महसुली वर्ष, अरबी शब्दांत येतो. 'सीत खमसैन मया व अलफ' म्हणजे सहा, पन्नास, शंभर आणि हजार मिळून ११५६. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे: मृगापासून डिसेंबरअखेर १७५५, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत १७५६. दख्खनी फसली या दुसऱ्या महसुली सनात ५९० किंवा ५९१, शकात ७८ किंवा ७९. नुसतं वर्ष असेल आणि महिना नसेल तर एक आकडा निवडून मोकळं होऊ नये. 'पासून' आणि 'पर्यंत' हे दोन रकाने त्यासाठीच आहेत. क्यूजीआयएसमधला काळाचा सरकपट्टा दोन्ही रकाने घेतो, आणि तो ठिपका पूर्ण महसुली वर्षभर पेटता ठेवतो. हे बरोबरच आहे, कारण कागदही एवढंच सांगतो.

आता कागदी नकाशा. थाळनेरच्या आसपासचा, एका इंचाला एक मैल या मापाचा जुना पत्रक समोर आहे असं धरू. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मांडणीत हा भाग ४६ के मध्ये येतो, धुळे ४६ एल मध्ये, जळगाव-भुसावळ ४६ ओ मध्ये. एकेक पत्रक १५ मिनिटं रुंद आणि १५ मिनिटं उंच. तो सपाट स्कॅनरवर ४०० डीपीआयने (इंचाला ४०० पिक्सेल), टिफमध्ये स्कॅन करायचा. मोबाइलवर काढलेल्या फोटोत भिंगाची वक्रता येते आणि ती पुढे नीट काढून टाकणं अवघड जातं. कापडावर चिकटवलेला, घड्यांपाशी तुकडे केलेला नकाशा असेल, तर तुकड्यांमधल्या फटी हे नकाशावरचं अंतर नव्हे. प्रत्येक तुकडा वेगळा बसवावा लागतो. कंटाळवाणं काम, पण दुसरा उपाय नाही.

४०० डीपीआयला या मापावर एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे चार मीटर. त्याने हुरळून जाऊ नये, कारण शाईची अर्ध्या मिलिमीटरची रेघच बत्तीस मीटर रुंद होते. नकाशा 'पाच मीटरपर्यंत अचूक' बसवला असं कुणी सांगितलं तर तो सॉफ्टवेअरबद्दल बोलतोय, थाळनेरबद्दल नाही.

स्कॅन खऱ्या जागेवर बसवणारा, क्यूजीआयएसमधला जिओरेफरन्सर उघडला की पहिले बिंदू अक्षांश-रेखांशांच्या छेदांवर द्यायचे. दर पाच मिनिटांनी रेषा धरल्या तर कडांसकट सोळा छेद मिळतात. आकडे अंश, मिनिट, सेकंद असेच भरायचे. ७४ अंश ३५ मिनिटं घाईत ७४.३५ अशी टंकली की तो बिंदू चोवीस किलोमीटर पश्चिमेला जाऊन पडतो. बरं, एवढी मोठी चूक लगेच दिसते. न दिसणारी चूक पायाची असते, म्हणजे पृथ्वीचा कोणता आकार आणि कोणता मूळबिंदू धरून अक्षांश-रेखांश मोजले त्याची. हे नकाशे एव्हरेस्टच्या लंबगोलावर, कलियानपूरच्या आधाराने काढलेले आहेत आणि आपला मोबाइल डब्ल्यूजीएस ८४ ही आजची जागतिक प्रणाली बोलतो. छापलेले आकडे सरळ डब्ल्यूजीएस म्हणून भरले तर खानदेशात गाव शंभर मीटरच्या वर सरकतं. तेवढ्या अंतराने गढी नदीत जाते. म्हणून नकाशा आधी कलियानपूरच्या प्रणालीत बसवायचा (अशा प्रणालींच्या ईपीएसजी यादीतला ४१४६ हा त्यातला एक क्रमांक, पत्रकाच्या काळाप्रमाणे पारखून घ्यायचा), आणि नंतर तो ३२६४३ मध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रणालीच्या ४३ उत्तर पट्ट्यात, रूपांतरित करायचा. सगळा खानदेश त्या एका पट्ट्यात बसतो, हे आपलं नशीब.

त्याहून जुन्या नकाशांत आणखी एक सापळा आहे. मूळ रेखांशच चुकलेला होता आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात सुमारे २ मिनिटं २७ सेकंदांची दुरुस्ती झाली. त्याआधीच्या नकाशावरचे रेखांश जसेच्या तसे घेतले तर आपल्या अक्षांशावर सगळा जिल्हा सव्वाचार किलोमीटर पूर्वेला जातो. गंमत म्हणजे सगळाच सारखा सरकतो, त्यामुळे आतली अंतरं बरोबर येतात आणि चूक दिसत नाही. समासातली बारीक टीप वाचायची, आणि स्कॅन करताना समास कापायचा नाही.

रूपांतराचे, म्हणजे स्कॅनवरचे बिंदू खऱ्या जागी नेणाऱ्या गणिताचे, प्रकार निवडताना लोक थेट 'थिन प्लेट स्प्लाइन'वर जातात, कारण त्यात चूक शून्य दाखवते. ती शून्यच दाखवणार. ती पद्धत प्रत्येक बिंदूला ओढूनताणून जागेवर आणते, मग तुम्ही बिंदू चुकीचा दिला असला तरी. आधी पहिल्या घाताची बहुपदी लावावी. तिला तीन बिंदू पुरतात, पण सोळा दिले की कोणता बिंदू बाकीच्यांशी भांडतोय ते आकड्यात दिसतं. कागद आडवा-उभा वेगळा आकसला असेल तर तीही सावरून घेते. दुसऱ्या घाताला किमान सहा लागतात, तिसऱ्याला दहा, आणि तिसरा घात अपुऱ्या बिंदूंवर लावला की नकाशाचे कोपरे पापडासारखे वळतात. शिवाय चार-पाच ठिकाणं मुद्दाम बाजूला ठेवायची, ती रूपांतरात द्यायचीच नाहीत: थाळनेरच्या किल्ल्याचा कोपरा, रेल्वेचा पूल, जुनं दगडी देऊळ. नकाशा बसल्यावर ती किती हुकली ते मोजायचं. खरी चूक ती. नदीचा काठ, कच्च्या वाटांचा तिठा आणि गावाच्या नावातलं पहिलं अक्षर यांवर कधी बिंदू ठेवू नये. बिंदूंची 'पॉइंट्स' फाइल जपून ठेवली की सगळं काम दुसऱ्याला पुन्हा करून पाहता येतं.

हाताने काढलेला मराठी नकाशा हातात आला तर मात्र त्याला हे काहीच करू नये. त्यात महत्त्वाचं गाव मोठं असतं आणि वाट सरळ असते. चित्रकाराला सांगायचं होतं ते अंतर नव्हतं, क्रम होता. त्याला ताणून उपग्रहाच्या चित्रावर बसवलं तर दोघांचंही नुकसान. तसा नकाशा चित्र म्हणूनच ठेवावा आणि त्यावरच्या नावांना आपल्या यादीतले क्रमांक जोडावेत. रेकॉगितोसारखी साधनं एवढंच करतात, आणि एवढंच पुरेसं असतं.

खानदेश म्हणजे कुठून कुठपर्यंत, हा प्रश्न सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी विचारतं, कारण त्याला बंद आकृती लागते. खानदेशच्या फारुकी सुलतानांचं राज्य थाळनेरला सुरू झालं आणि बऱ्हाणपूरला गेलं. ते बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. १६०१ मध्ये असिरगड पडल्यावर अकबराने सुभ्याचं नाव शहजादा दानियालवरून दानदेश केलं. इंग्रजी जिल्ह्यातून १८६९ साली मालेगाव-बागलाणाकडचा भाग नाशिकला गेला, १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला. १८८० चं गॅझेटिअर 'खानदेश' म्हणून जे आकडे देतं ते आजच्या तीन जिल्ह्यांच्या आकृतीत ओतले की तालुकेच्या तालुके चुकीच्या पेटीत जातात. प्रत्येक हद्दीला स्वतःचं 'पासून-पर्यंत' द्यावं लागतं. आकृत्या पाच झाल्या तरी चालतील.

परगण्यांचं तर हद्दीचं चित्र सहसा नसतंच, गावांची यादी असते. मग लोक ठिपक्यांभोवती वोरोनॉयच्या आकृत्या पाडतात, म्हणजे ज्या ठिपक्याला जी जमीन सर्वांत जवळ ती त्याला देतात, आणि एका परगण्याच्या जोडून टाकतात. गिरणेच्या, पांझरेच्या काठी गावं दाट आहेत तिथे हे बऱ्यापैकी जमतं. सातपुड्याकडे गेलं की पायथ्याच्या एकेका गावाला डोंगरभर राज्य मिळतं. अक्राणी, तोरणमाळ, काठी हा सगळा मुलूख कुठल्याशा मैदानी परगण्याच्या रंगात बुडतो. वसुलाच्या यादीत नाव नाही याचा अर्थ तिथे माणूस नव्हता असा होत नाही, तिथून वसूल येत नव्हता एवढाच होतो. तेवढा भाग रंगवायचाच नाही. रिकामा ठेवायचा आणि कडेला लिहायचं, 'वसुली यादीबाहेर'.

वाटांचं काम सगळ्यात मोहात पाडणारं. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सुरतेहून बऱ्हाणपूरला जाताना नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असे मुक्काम सांगतो. (नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो असंही सांगतो, पण त्याचा थर कसा करणार!) दोन मुक्कामांमधली अंतरं तो कोसांत देतो, आणि कोस काही सगळीकडे एक नव्हता. म्हणून वाट अंतरावरून काढण्याऐवजी चढउतारावरून काढतात. उंचीचा नमुना, म्हणजे जागोजागची उंची नोंदलेला संगणकी नकाशा, घ्यायचा आणि ग्रास या सॉफ्टवेअरच्या आर-वॉकने कमी कष्टाची वाट शोधायची. आता त्यातले मूळ आकडे बघा. सपाटीवर मीटरला ०.७२ सेकंद, म्हणजे ताशी पाच किलोमीटर. ही मोकळ्या हाताने चालणाऱ्या डोंगरभटक्याची चाल आहे. कापडाचे गठ्ठे लादलेली बैलगाडी याच्या पुष्कळ मागे राहते, आणि माणूस ज्या उतारावर सहज उतरतो तिथे गाडी उतरतच नाही. आकडे बदलल्याशिवाय निघालेली वाट कुणाचीच नसते.

दुसरं, नंदुरबार तापीच्या दक्षिणेला आणि थाळनेर उत्तर काठावर. नदी ओलांडायलाच हवी. उंचीच्या नमुन्यात मात्र नदी म्हणजे फक्त सखल, सपाट, चालायला सोपी जागा! मोकळं सोडलं तर आर-वॉक खुशाल पात्रातून चालायला लागतं. नदीवर भलामोठा खर्च लावायचा आणि जिथे नदी ओलांडायच्या उताराचा पुरावा आहे तेवढ्याच ठिकाणी फट ठेवायची. पावसाळ्याचा थर वेगळा करायचा, कारण खानदेशच्या काळ्या मातीत जून ते सप्टेंबर गाडीचं चाक तुंब्यापर्यंत रुततं. आणि तिसरं सगळ्यात सहज विसरलं जातं: फुकट मिळणारा एसआरटीएमचा नमुना अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये मोजला. उकाई धरण १९७२ चं, हतनूर १९८२ चं. नमुन्यात तिथे जुनी दरी नाही, पाण्याचा पृष्ठभाग आहे. नवापूर-नंदुरबारकडची जुनी वाट काढताना आपण जलाशयावरून चालत असतो.

त्या दरीसाठी वेगळीकडे जावं लागतं. अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ दरम्यान काढलेली छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याच्या अर्थएक्सप्लोररवर ती शोधता येतात, आधी कुणी स्कॅन करून घेतलेली असली तर फुकट उतरतात. उकाईचं पाणी चढायच्या आधीची तापी त्यांत आहे, धरणांनी उठवलेली गावं जुन्या जागी आहेत. फिल्मच्या लांब पट्ट्या आहेत, कडांकडे चित्र ताणलेलं असतं. अख्खी पट्टी एकदम बसवायला जाऊ नये. हवा तेवढा दहा-पंधरा किलोमीटरचा तुकडा कापून, त्यात भरपूर बिंदू देऊन बसवावा. इथे मात्र थिन प्लेट स्प्लाइन खरोखर कामाची.

या चित्रांत उन्हाळ्यातला तुकडा मिळाला तर मोठा करून पाहावा. पिकं निघालेली, जमीन उघडी, काळी रानं गडद राखाडी. त्यात मधेच एखादा फिकट डाग असतो, कडा विरलेला, नदीच्या वळणाशी किंवा ओढ्याच्या काठी. भोवती घरं नाहीत. ती पांढर. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्यांच्या भिंती, राख, शेण, चुलींची माती मिसळून झालेली पांढरी माती. गिरणेकाठचं बहाळ आणि तापीकाठचं प्रकाशे इथे १९५० च्या दशकात उत्खननं झाली, तीही अशाच पांढरींवर. त्याच वेळी आपल्या यादीत 'बेचिराख' असा शेरा असलेली गावं असतात. नाव आहे, शिवार आहे, क्रमांक आहे, वस्ती नाही आणि ठिपका ठेवायला जागा नाही.

नाव नसलेला डाग आणि डाग नसलेलं नाव एकमेकांना जोडावंसं फार वाटतं. दोन्ही वेगवेगळ्या थरांतच ठेवायची. डागाला तुटक रेषेचं वर्तुळ, नावाला शिवाराचा मध्य आणि खात्री ३. मग मार्च-एप्रिलमध्ये, रान मोकळं असताना, मोबाइलमध्ये क्यूफील्ड या नकाशाच्या ॲपवर दोन्ही थर घेऊन त्या शिवारात जायचं आणि बांधावर जो असेल त्याला विचारायचं, "दादा, आठे पांढर कोठे शे?" त्याने ज्या शेताकडे हात केला त्याचा गट नंबर लिहून घ्यायचा. टेक्स्टच्या रकान्यात.